प्रोब टेकवला की चालू

कारखान्यात तिला सगळे धाकटी म्हणत. वय चौतीस, पण तपासणीच्या टेबलावर सगळ्यांत शेवटी आली, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच. शीतगृहात माणूस अडकला तर त्याने दाबायची घंटा तिथे बनत असे. घंटेच्या बोर्डावर तांदळाएवढा क्रिस्टल असायचा. बॅटरी लावली की तो कंप पावू लागायचा, आणि तो कंपू लागला तरच बाकीचा बोर्ड जागा व्हायचा.

एके दिवशी नव्या लॉटमधला एक बोर्ड बॅटरी लावूनही ढिम्म राहिला. मोजायला म्हणून धाकटीने प्रोबचं, म्हणजे मोजयंत्राच्या सुईचं, टोक क्रिस्टलला टेकवलं, तर लगेच चालू. बॅटरी काढून परत लावली. पुन्हा ढिम्म, टोक टेकवलं, चालू. संध्याकाळपर्यंत दोनशे बोर्ड जायचे होते. ‘चालतोय ना शेवटी,’ असं मनाशी म्हणत तिने ‘पास’चा शिक्का मारला.

दोन महिन्यांनी एका शीतगृहात, कारखान्यातून चालू होऊनच आलेल्या त्या घंटेची बॅटरी बदलली. त्याच आठवड्यात एक हमाल आत अडकला. त्याने बटण दाबदाबून पाहिलं, घंटा वाजली नाही. पाऊण तासाने कुणीतरी सहज दार उघडलं म्हणून जीव वाचला, पण दोन बोटं कायमची बधिर झाली.

बोर्ड परत आला आणि साहेबांच्या गरम खोलीत, प्रोब टेकवून पाहिला तर व्यवस्थित चालला. “सोल्डर कच्चं राहिलं असणार, जोड कधी लागतो, कधी नाही,” साहेब म्हणाले. सोल्डरिंग मावशींचं. एकोणीस वर्षं एका जागी बसलेल्या मावशींना पॅकिंगला पाठवलं. धाकटी तोंडाला कुलूप लावून बसली.

जेवायला दोघी शेजारी बसत. अकराव्या दिवशी मावशींनी डबा उघडलाच नाही.

“डोळे तपासून आले काल,” त्या म्हणाल्या. “नंबर वाढलाय. माझ्याच हातून झालं गं ते. त्या माणसाची बोटं सारखी डोळ्यांसमोर येतात.”

धाकटी डबा तसाच टाकून साहेबांकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली.

साहेबांनी त्या लॉटचे शिल्लक दहा बोर्ड कॅन्टीनच्या फ्रीजरमध्ये ठेवले. बाहेर काढताच बॅटरी लावली, प्रोब लांब ठेवला. तीन सुरूच झाले नाहीत. नवे क्रिस्टल हलायला जड होते आणि सर्किटचा धक्का जेमतेम. थंडीत तोही अपुरा पडत होता; प्रोब टेकवला की तेवढी कसर भरून निघायची.

“क्रिस्टलशेजारचे कपॅसिटर मी निवडले होते,” साहेब खाली मान घालून म्हणाले. “त्यांच्यामुळे धक्का किती शिल्लक उरतो, हे मी मोजलंच नव्हतं.”

सगळा लॉट परत मागवला. कपॅसिटर बदलले. आता प्रत्येक बोर्ड गारठवून, कशाचाही स्पर्श न करता, वीस वेळा चालू करून बघायचा असं ठरलं. धाकटीला लेखी ताकीद मिळाली. मावशी आपल्या जागेवर परतल्या.

धाकटी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. “मावशी, चुकले मी.”

“शिक्का मारलास ते समजू शकते मी. घाई कुणाला नसते?” मावशींनी सोल्डरची तार सरळ केली. “पण मी माझ्या डोळ्यांना बोल लावत होते, तेव्हा तू शेजारी बसून जेवत होतीस.”

दुपारी मावशी डबा घेऊन खिडकीपाशी एकट्याच बसल्या, आणि तिथे जायचा धाकटीला धीर झाला नाही.