मास्तरांनी पाहिलेली नाडी

सत्त्याण्णव साली आष्टीच्या बाजारात नाडीबाबा दर आठवड्याला मरत आणि जिवंत होत. ते बघायला लोक गाड्या भरभरून येत.

"मी काळाला मुठीत धरतो," बाबा खाटेवर आडवे होत म्हणत. "ज्याच्या घरात तरणी माणसं जातात, त्यानं माझा गंडा बांधावा."

धर्मराज मास्तर शाळेत विज्ञान शिकवत. अंधश्रद्धेवरची त्यांची भाषणं त्यांना पाठ होती, आणि ऐकून ऐकून गावालाही. बाबाचं पितळ उघडं पाडायला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. कारण घरातलंच होतं. त्यांचा थोरला भाऊ कारभारी सुटलेल्या बैलामागे पळताना जागीच गेला होता. वडीलही असेच ऐन उमेदीत गेले होते. आता कारभारीची लेक नंदा खो-खो खेळताना बेशुद्ध पडली. परतूरच्या डॉक्टर अजमतांनी जालन्याला हृदय तपासून घ्यायला सांगितलं, पण नंदाची आई सगुणाबाई तिला घेऊन बाबाकडे आल्या.

"या मास्तर, तुम्ही सायन्सवाले. तुम्हीच धरा नाडी," बाबा म्हणाले.

मास्तरांनी मनगट धरलं. नाडी ठणठणीत होती. बाबांनी डोळे मिटले, दंड अंगाशी घट्ट घेतला, आणि नाडी मंदावत मंदावत गायब झाली. मास्तरांनी बोटं सरकवून पाहिली. मग हजेरी घ्यायच्या आवाजात ते बोलून गेले, "नाडी बंद आहे."

बाबांच्या वर्षभराच्या बडबडीनं मिळाले नसते एवढे भक्त या एका वाक्यानं मिळवून दिले. सगुणाबाईंनी तिथंच नंदाला गंडा बांधला. जालना रद्द झालं.

पुढच्या बाजारी डॉक्टर अजमत स्वतः आले. त्यांनी मनगटाला हातच लावला नाही. नळी सरळ बाबांच्या छातीवर ठेवली.

"दिल तर बराबर चालू हाय," ते म्हणाले आणि बाबांचा हात वर उचलला. काखेतून लिंबू घरंगळलं. लिंबू प्रगटलं म्हणत एका बाईनं ते पदरात घेतलं.

डॉक्टरांनी ते मागून घेतलं आणि मास्तरांच्या काखेत दिलं. मास्तरांनी दाबताच त्यांचीही नाडी गेली.

"काखेतली रक्तवाहिनी दबली की मनगटात ठोका लागत न्हाई. बाकी मास्तर जिंदा हायेत," डॉक्टर म्हणाले. बाजार पोट धरून हसला. बाबा त्याच गर्दीतून पसार झाले. हसणं मात्र मास्तरांच्या वाट्याला आलं.

संध्याकाळी मास्तर भावजयीच्या ओट्यावर गेले.

"भाऊजी, बाबाचं न्हाई, तुमचं ऐकून गंडा बांधला मी," सगुणाबाई म्हणाल्या. "आता कुणाचं ऐकू?"

मास्तरांना एकही भाषण आठवेना. "वैनी, मी गाढव. मनगटापलीकडं पाह्यलंच न्हाई. आबा गेले, दादा गेला. बाबाच्या हातात खरंच काही असलं तर बरं, असं मलाबी वाटत होतं."

"मंग ही करणी न्हाई तर काय?"

"डॉक्टर म्हणतात, काही घरांत काळजाचा स्नायू जाड होतो. बापाकडून लेकरात उतरतो. पळापळ झाली की ठोका बिघडतो अन् माणूस जातं. आधी कळलं तर जपता येतं. आबांचा पोरगा मीबी हाये, वैनी. एकट्यानं जालन्याला जायचं भ्या वाटून राह्यलं. नंदाला घेऊन चला माझ्यासंगं."

सगुणाबाई म्हणाल्या, "गंडा सोडणार न्हाई मी."

"राहू द्या. पण तपासू."

तपासणीत नंदाच्या हृदयाचा स्नायू जाड निघाला, मास्तरांचाही. दोघांना रोजची गोळी लागली. नंदाचा खो-खो सुटला, त्या दिवशी ती खूप रडली.

मास्तर आजही भाषण देतात. लिंबू काखेत धरून आधी स्वतःची फजिती सांगतात, पोरं हसून घेतात. मग ते म्हणतात, "तरणं माणूस उभ्या उभ्या गेलं, तर देवऋषी शोधू नका. मागं राहिलेल्यांची हृदयं तपासून घ्या. आबा गेल्यावर कुणी आम्हा दोघा भावांना तपासलं असतं, तर आज माझ्या फजितीला सगळ्यात मोठ्यानं दादा हसला असता."