दिवसा लागणारी कडी

मी एकोडीच्या पंचफुलाबाईंच्या घरातली, मागच्या खोलीच्या दाराची कडी. जरा टेका, मला बोलायची फार हौस आहे.

साकोलीच्या लोहाराने मला घडवलं. पण पंचवीस वर्षं दिवसा मला कोणी लावलंच नाही. आमच्याकडे दिवसाउजेडी दार लावलं की शेजारी विचारतात, भांडण झालं का? मी नुसती लोंबकळत असे. पंचफुलाबाईंचे मालक डोमाजी माझ्यावर टोपी अडकवत.

मग बाईंच्या किडन्या थकल्या. आठवड्यातून तीनदा बसने भंडाऱ्याला डायलिसिस, आणि दुसरा दिवस अंथरुणात. गेल्या साली स्वतःच्या बांधीतली धानाची रोवणीसुद्धा त्यांना बघता आली नाही. शेवटी डॉक्टरांना विचारून त्यांनीच घरच्या डायलिसिसचं ठरवलं. पोटात बसवलेल्या नळीतून आधीचं औषधी पाणी काढायचं, पिशवीतलं नवं सोडायचं, दिवसातून चारदा. तेवढा वेळ दार बंद, पंखा बंद, हात स्वच्छ. जंतू आत गेले तर जिवावर बेतायचं, नाहीतर पुन्हा तीच बस.

तेव्हापासून मला काम मिळालं. मला लावलं की बाई साबणाने हात खसाखसा घासतात. माझा असा काय विटाळ, म्हणून मी आधी फुगले होते. आता नाही फुगत.

चौथ्याच दिवशी डोमाजींची थोरली बहीण धुरपताबाई करडीहून भेटायला आली. बाईंचे हात धुऊन झालेले, नळीचं टोपण नुकतंच काढलेलं. बाहेरून दारावर थाप पडली. मी खडखडले.

"दिवसाढवळ्या दार काहून लावून राहिली? मी का परकी हावो?"

तिच्याजवळ बाहेर उभे डोमाजी वरमले. "उघड ना, धुरपताबाई आली."

उघडायचं म्हणजे मला हात लावणं आलं. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, मी पक्की राहायला हवी.

बाईंनी नळी जोडली, मगच तोंडावरच्या मास्कमधून बोलल्या, "बाई, अर्धा घंटा बसा. आता हात बाटवला तं पोटात जंतू जाईन. मले यंदा रोवणी पाहाची हाय."

मग दाराला पाठ लावून कोणीतरी उंबऱ्यावर बसल्याचं मला कळलं.

थोड्या वेळाने शेजारची सत्यभामाबाई आली. धुरपताबाईच कडाडली, "थांब वो! अंदर काम चालू हाय. मी करडीहून आली, मी बसली, तुले का घाई?"

मी हसले असते, पण हलायची सोय नव्हती.

धुरपताबाई आठ दिवस राहिली, रोज चारदा उंबऱ्यावर पहारा दिला. महिन्याच्या तपासणीत डॉक्टरांनी सगळं ठीक सांगितलं. परवा पंचफुलाबाई बांधावर छत्री घेऊन उभ्या होत्या आणि रोवणाऱ्या बायांना ओरडून चुका दाखवत होत्या, असं डोमाजी कौतुकाने सांगत होते.

मी आता घासून चकचकीत झाले आहे. आमच्याकडे आलात आणि भर दुपारी दार बंद दिसलं, तर रुसू नका. ओसरीवर बसा, पाणी प्या. बाई येतीलच, आणि तुम्हाला जेवल्याशिवाय जाऊ देणार नाहीत.