आधी चार घास

"काका, मी सदानंद. अभिजितच्या ऑफिसातला," असं म्हणत सदानंदने अनंतरावांच्या हातातली बॅग जवळजवळ हिसकावूनच घेतली. नमस्कार करायचा राहूनच गेला.

आखातातल्या या शहराच्या मेट्रोच्या मुशैरिब स्टेशनच्या सरकत्या जिन्यावरून नवरा-बायको दोघं नुकतीच वर आली होती. एअरपोर्टवरून मेट्रोनेच या, मी मुशैरिबला उभा असेन, हे अभिजितने महिनाभर आईवडिलांकडून घोकून घेतलं होतं. वडील मनमाडचे रिटायर्ड स्टेशन मास्तर. ड्रायव्हर नसलेली गाडी त्यांना दाखवायची पोराला भारी हौस.

"गाडी छान आहे हो," अनंतराव म्हणाले. "सेकंदाचा फरक नाही. पण गार्ड नाही, ड्रायव्हर नाही, मग चूक झाली तर झापायचं कुणाला?"

"अभ्या कुठंय?" विजयालक्ष्मीबाईंनी विचारलं. स्टीलचा मोठा डबा त्यांनी पोटाशी धरला होता.

"साईटवर अडकलाय, काकू. अचानक काम निघालं."

हे वाक्य सदानंदने टॅक्सीत चार वेळा म्हणून पाहिलं होतं. ते नीट बाहेर पडलं, याचीच त्याला लाज वाटली. अभिजित पहाटे साडेचारला साईटवर जाताना गाडी उलटून जागच्या जागी गेला होता. तेव्हा ही दोघं विमानात होती.

सदानंद बावीस वर्षं कंपनीत कारकून होता. व्हिसाची कागदपत्रं करायची, नवीन आलेल्या माणसांना नावाची पाटी धरून उतरवून घ्यायचं, हे त्याचं काम. वाईट बातमी सांगायचं खातं कंपनीत नव्हतं. ते कुणी न सांगता त्याच्याच टेबलावर येऊन बसलं होतं. मराठी माणूस आहेस, तूच सांग, असं मॅनेजर उमैर सकाळी म्हणाला होता. म्हणणाऱ्याचं काय जातं!

खिशातला फोन थरथरला. उमैरच होता. "मिले क्या? यल्ला, जल्दी लाओ. हॉस्पिटलवाले साइन के लिए रुके हैं."

"आधा घंटा," सदानंद म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या अर्ध्या तासात त्याला एकच गोष्ट करायची होती. काकूंना मधुमेह आहे, त्या इन्सुलिन घेतात, हे त्याला अभिजितकडूनच ठाऊक होतं. बातमी कळली की त्यांच्या पोटात आज पाणीही जाणार नाही. सदानंदचे वडील गेले तेव्हा त्याला संगमनेरच्या स्टँडवर उतरवून घ्यायला आलेल्या मामाने आधी मिसळ खायला लावली होती. मामाचा राग त्याला पुढे कित्येक वर्षं येत होता. आज तो राग कुठल्या कुठे गेला.

"आधी काहीतरी खाऊन घेऊ," तो म्हणाला. "इथं मागच्याच गल्लीत सोहेलचं हॉटेल आहे. डोसा चांगला असतो."

"छे! मी अभ्याबरोबरच जेवणार," विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. "दीड वर्षाने भेटतोय. विमानातलंसुद्धा मी खाल्लं नाही."

"काकू, शुगर लो होईल. दोन घास खा."

"घरी गेल्यावर खाईन की. हा डबा त्याने उघडायचा, मग आम्ही. सांजोऱ्या आहेत, त्याच्या आवडीच्या."

"नाही, नाही, आधी खायचंच. त्याशिवाय मी तुम्हाला पुढे नेणार नाही."

आवाज जरा चढलाच. विजयालक्ष्मीबाई गोंधळून हसल्या. अनंतराव हसले नाहीत. त्यांनी सदानंदच्या हातातल्या आपल्या बॅगेकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे. बराच वेळ पाहिलं.

"विजू," ते हळूच म्हणाले, "चल. मलाही भूक लागलीय."

हॉटेलात तीन डोसे आले. विजयालक्ष्मीबाईंनी ताट पुढे सरकवलं. सदानंदने ते पुन्हा त्यांच्यापुढे आणलं.

अनंतराव हात धुवायला उठले. बेसिन कोपऱ्यात, कुणाला ऐकू न जाण्याइतकं दूर होतं. सदानंद मागोमाग गेला. अनंतरावांनी नळ सोडला आणि हात न धुता नुसते पाण्याखाली धरले.

"मनमाडला कुणाचा माणूस रुळावर गेला, की घरचे यायचे," ते म्हणाले. "मीपण त्यांना आधी कँटीनमध्येच न्यायचो. असाच हट्ट करायचो."

सदानंदने नळ जरा मोठा केला.

"केव्हा?"

"पहाटे. गाडी उलटली. लगेच... त्रास झाला नाही, काका."

हेही वाक्य पाठ केलेलं होतं. अनंतरावांनी मान हलवली. त्यांनी नळ बंद केला, आरशात बघून चष्मा पुसला, तो घातला, पुन्हा काढून पुसला. सदानंदला त्यांना धरावंसं वाटत होतं. पण बाई तिथून इकडेच बघत होत्या.

अनंतराव टेबलाशी येऊन बसले आणि त्यांनी फोन डोळ्यांसमोर धरून खाली ठेवला.

"अभ्याचा मेसेज आहे," ते म्हणाले. "म्हणतोय मला दुपार होईल, माझं खाणं झालंय, आईला उपाशी ठेवू नका."

"बघा! आधी नाही सांगायचं?" विजयालक्ष्मीबाई रुसून म्हणाल्या. त्यांनी पर्समधून पेन काढून पोटावर इन्सुलिन टोचलं, पदर सावरला आणि डोसा मोडला. "मीठ जरा कमीच आहे. पण कुरकुरीत आहे हो. तुम्ही खा ना."

अनंतराव खाऊ लागले. सदानंदने आयुष्यात कुणाला इतकं कष्टाने खाताना पाहिलं नव्हतं. एक घास, एक घोट पाणी. एक घास, एक घोट पाणी. बायकोच्या ताटातली चटणी संपली तशी त्यांनी आपली वाटी तिच्याकडे सरकवली.

"अजून अर्धा घे, विजू."

"बास झालं. पोट भरलं." त्यांनी हात पुसले आणि सोहेलला हाक मारली. "भैया, एक पार्सल देना. गरम." मग सदानंदकडे वळून म्हणाल्या, "खाल्लंय म्हणतो, पण साईटवर काय खाल्लं असेल! भूक लागणारच त्याला."

सोहेलने अनंतरावांकडे पाहिलं. द्यायचं ना, असा त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न होता.

"बांधा," अनंतराव म्हणाले. "चटणी वेगळी द्या. एकत्र झालेली त्याला आवडत नाही."

पुडकं आलं. सदानंदने हात पुढे केला, पण अनंतरावांनी ते त्याला दिलं नाही. टॅक्सी येईपर्यंत ते फुटपाथवर उभे होते, आणि चटका बसत असतानाही त्यांनी ते दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं.