झऱ्याचं पाणी

थोरलीची तिसरी ओळ लावून होत आली, तरी धाकटी अजून पहिल्याच ओळीत कांद्याची रोपं हातात धरून बसलेली. वाफ्यातला चिखल पायांना गार लागत होता, वारा कानात शिरत होता. धाकटी पोट धरून उठली आणि पदर सावरत पुन्हा बांधाकडे निघाली.

"निघाली! बांधापलीकडे माहेर आहे का गं तुझं? सकाळपासून किती खेपा?"

"आलेच गं ताई."

"तू येशील तोवर कांदा काढणीला येईल!"

शेजारच्या वाफ्यातल्या बायका खुदखुदल्या. धाकटी मान खाली घालून गेली.

दोघी जावा, पण त्याआधी मावसबहिणी. थोरलीची कूस उजवली नव्हती. घरात एखादं रांगतं पोर हवं म्हणून तिनंच धाकटीला दिरासाठी मागून आणलं होतं. पण धाकटीचा चेहरा सुजायला लागला, अंगात मरगळ भरली, बसल्या जागी तिचा डोळा लागायचा. गावातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी मंदावलीय म्हणाल्या, आणि रोज अनशापोटी घ्यायला एक गोळी दिली.

पुढे धाकटीला दिवस गेले. थोरलीला आभाळ ठेंगणं झालं. पण रक्ताचा आकडा मात्र जिथल्या तिथं. गोळी वाढवली, तरी हलेना.

"गोळी नेमानं घेते ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आणि थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

"थुंकून टाकतेस ना? पोर नकोय का तुला?" घरी येताच तिनं धाकटीला धरलं.

"शपथ ताई, गिळते मी."

"शपथेवर पोर वाढतं का?"

तेव्हापासून गोळी थोरलीच्या हातून. पाणी तर पहिल्यापासून तिच्याच हातचं. नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ती उतारावरच्या झऱ्याची घागर भरून आणायची. झऱ्याच्या वरच्या अंगाला गोठा होता; पण पाणी असं नितळ, की तळाचे खडे दिसावेत. गोळी गिळली की ती म्हणायची, "आ कर." मग जीभ उचलून बघायची. धाकटी लहान पोरीसारखी आ करायची.

तिसऱ्या महिन्यात पोट पडलं.

दवाखान्यात धाकटी भिंतीकडे तोंड करून पडली होती. डॉक्टरीणबाईंनी थोरलीला बाहेर बोलावलं.

"हिला जुलाब होतात, हे माहीत होतं तुम्हाला?"

"जुलाब?"

"कित्येक महिने. आज खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. थायरॉईडच्या दुखण्यात बहुधा शौचाला साफ होत नाही, हिचं उलटं होतं. म्हणून शौच तपासलं. आतड्यात परजीवी आहेत, डोळ्यांना न दिसणारे. त्यांच्यामुळे गोळी आतड्यात शोषली जात नसावी. ती गिळत होती, पण अंगी लागत नव्हती."

थोरलीला बांध दिसला, आणि पोट धरून चाललेली धाकटी.

"आले कुठून ते?"

"बहुतेक पाण्यातून. गुरांचं शेण, माणसांची घाण, पावसाबरोबर झऱ्यात उतरते."

"मग पोरही त्यानंच गेलं?"

"असू शकतं. खात्रीनं सांगता येत नाही."

"बाई, एक काहीतरी सांगा. हो तर हो, नाही तर नाही."

"तेवढं मलाही कळत नाही हो."

थोरली आत आली.

"काय म्हणाल्या?" धाकटीनं भिंतीलाच विचारलं.

नशिबात नव्हतं म्हटलं असतं तर भागलं असतं. गावातल्या चार बायका तेच म्हणणार होत्या. थोरली खाटेच्या कडेला टेकली.

"गोळी तू घेत होतीस."

"सांगत तर होते."

"पोटाचं का नाही बोललीस मग?"

"सगळ्यांदेखत हसायचीस तू. आणखी काय सांगायचं?"

"झऱ्याच्या पाण्यानं झालं असेल म्हणतात. पाणी मी पाजत होते. पोर त्यानंच गेलं असेल, नसेल. बाईंनाही सांगता येईना."

थोरलीला वाटलं, आता हिनं दोन शिव्या द्याव्यात, तोंडावर थुंकावं. मग धाकटी कोपर टेकून उठायला लागली. थोरली 'कुठे निघालीस' म्हणायला गेली, पण बांधाकडच्या खेपा आठवून थांबली.

"कळ आलीय पोटात." धाकटीनं तिच्याकडे न बघता हात पुढे केला. "धर मला. एकटीला नाही जमायचं."

थोरलीनं तिला कमरेशी धरलं. धाकटीचं अंग हाताला गार लागत होतं.