ल्यूंच्या घरचा तुकडा

शूझनचा नातू आठव्या महिन्यातच जन्मला. रडणं इतकं बारीक की दाराबाहेर ऐकू येऊ नये. असं अशक्त मूल झालं की चीनच्या उत्तर शान्शीतल्या आमच्या गावात आजी घरोघर फिरून कापडाचे उरलेसुरले तुकडे मागते आणि त्यांची गोधडी शिवते. सगळ्या गावाची माया अंगावर आली की मूल तगतं, असं आम्ही मानतो. त्यातही ल्यू आडनावाच्या घरचा तुकडा हवाच. आमच्या भाषेत 'ल्यू' म्हटलं की 'राहा' असंही ऐकू येतं ना!

गावात ल्यूंचं घर एकच. त्या घरचा मुलगा त्याआधीच्याच उन्हाळ्यात तलावात बुडाला होता.

शूझन पिशवी घेऊन निघाली. गुओ घरच्या बाईने निळा तुकडा दिला. "नवऱ्याच्या विजारीचा आहे हो. पोरगं घोरायला लागलं तर मला बोल लावू नका!"

शूझन हसली. पण ल्यूंच्या दारावरून ती मान खाली घालून पुढे गेली. मुलाची आई यिनह्वान उंबऱ्यातच मिरच्या निवडत बसली होती.

"काकू, आमचं दार दिसलं नाही वाटतं?"

"तू कामात होतीस गं," शूझन पुटपुटली आणि तिने पाय उचलला.

घरी सून फांगलिंगने तुकडे चाळले. "ल्यूंचा कुठाय?"

"त्या घरातून पोर गेलंय, बाई. तिथलं कापड आपल्या बाळाला?"

"आई, मला बाळंतिणीला बाहेर पडता येत नाही, नाहीतर मीच गेले असते. तिचं पोर गेलं म्हणून तिची मायाही गेली का?"

शूझन रात्रभर बाळाचा श्वास ऐकत पडली. सकाळी ती ल्यूंच्या दारात उभी राहिली, पण मागायला तोंड उघडेना. यिनह्वान आत गेली आणि लाल फुलांच्या कापडाचा तुकडा घेऊन आली.

"माझ्या लग्नातल्या जाकिटाचा आहे. घाबरू नका, त्याचं नाहीये." ती थोडं थांबली. "त्याचं मी कुणालाच द्यायची नाही, काकू."

शूझनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण काय भीत होतो, आणि ही काय जपून बसली होती!

"चुकले मी, पोरी," ती म्हणाली. "हा तुकडा तूच जोड. तुझ्या हाताने."

यिनह्वान दुपारी आली. चुलीच्या धगीने खालून उबदार राहणाऱ्या, झोपायच्या ओट्यावर बसून तिने बारीक, घट्ट टाके घातले. मध्येच बाळ कुरकुरलं, तेव्हा फांगलिंगने ते उचलून तिच्याच मांडीवर ठेवलं. यिनह्वानचे हात अधांतरीच राहिले. मग तिने बाळाला छातीशी धरलं आणि ती रडू लागली. मुलगा गेल्यापासून तिला रडताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. शूझनने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो तसाच राहू दिला.

बाळाने तो हिवाळा काढला. आता ते भिंत धरून चालतं. यिनह्वान अधूनमधून त्याला बघायला येते. काही दिवस येववत नाही तिला. मग शूझनही बोलवायला जात नाही.