कुणी बोलेना

बेसबॉलच्या सामन्याची सहावी इनिंग टाकून वेंडेल कोझ्लिक बाकावर टेकला आणि शेजारी बसलेले दोघे उठून पाण्याच्या पिंपाकडे निघून गेले. त्याने सूर्यफुलाच्या बियांची पिशवी पलीकडच्या डफीपुढे धरली. डफीने बुटाची बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. एरवी वेंडेलशी गप्पा छाटल्याशिवाय ज्याला चैन पडत नसे, तो कॅचर युसेबिओ तर बाकाच्या पार टोकाला भिंतीकडे तोंड करून बसला होता.

वेंडेलने पिशवी मागे घेतली. ही शांतता त्याच्या चांगल्याच ओळखीची होती. छत्तीस वर्षांचा पिचर, अकरा गावांचं पाणी प्यायलेला. टोपेका असो की पिओरिया, हातात नारळ मिळून दुसऱ्या गावच्या संघात रवानगी व्हायच्या दिवशी असंच व्हायचं. बातमी त्याच्या आधी सगळ्यांना कळायची आणि कालपर्यंतचे जिवलग त्याच्याकडे बघेनासे व्हायचे.

या खेपेला मात्र ते फार लागलं. त्याची बायको आर्लीन कधी पडदे शिवत नसे; पुढच्या गावातली खिडकी केवढी असेल कुणास ठाऊक, म्हणायची. या गावात तिने ते शिवले होते. मुलीला जन्मात पहिल्यांदा मैत्रीण मिळाली होती. आज घरी जाऊन कुठल्या तोंडाने सांगायचं?

चिडूनच तो सातवी इनिंग टाकायला गेला. आता घालवायला उरलं होतं काय? मनाला येईल तसे चेंडू फेकले. तिन्ही फलंदाज हात हलवत परत गेले. आठवीतही तेच. पण तिसऱ्या इनिंगमध्ये त्याने वेडेवाकडे चेंडू टाकून ओळीने चौघांना फुकट बेसवर सोडलं होतं, त्यात एक धावही गेली होती, त्यामुळे आजचा दिवस त्याने केव्हाच नेहमीच्या खात्यात टाकला होता. धावफलकाचे निम्मे दिवे गेलेले. तिकडे तो बघतच नसे. आठवी संपली तेव्हा प्रेक्षक उठून उभे राहिले. त्याला वाटलं, घरी निघाले.

नववीला, म्हणजे शेवटच्या इनिंगला, निघताना तो मॅनेजर स्टब्जसमोर जाऊन उभाच राहिला.

“बॉस, सांगून टाका एकदाचं. कुठे धाडताय मला?”

म्हातारा स्टब्ज छताकडे बघत राहिला.

“निदान लांब आहे की जवळ, तेवढं तरी सांगा. बायकोला फोन करायचाय.”

“अरे गाढवा!” स्टब्जच्या तोंडून निघालंच. “कोण धाडतंय तुला? आठ इनिंग झाल्या, तुझ्या एकाही चेंडूवर कुणाला धड फटका मारता आलेला नाही, म्हणून आम्ही सगळे तोंड शिवून...”

आणि त्याने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. अख्खं बाक विव्हळलं. असा डाव जमत असला की पिचरशी अवाक्षर बोलायचं नसतं, दृष्ट लागते, हे वेंडेललाही शाळेपासून ठाऊक होतं. आयुष्यात स्वतःवर कधी ती वेळ आली नव्हती, एवढंच.

“खाल्लंत ना शेण, बॉस!” छातीवर क्रॉसची खूण करत युसेबिओ म्हणाला.

नववीचा पहिलाच चेंडू टणकन बॅटवर बसला आणि मैदानाच्या मधोमध, कुणाचाही हात पोचणार नाही अशा जागी पडला. सगळे प्रेक्षक हळहळले.

वेंडेल पाठमोरा उभा होता. त्याचे खांदे गदगदा हलत होते. स्टब्ज धापा टाकत त्याच्यापाशी आला. म्हाताऱ्याचेच डोळे भरून आले होते.

“माझ्यामुळे झालं रे, पोरा. रडू नकोस.”

वेंडेल वळला. हसून हसून त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“म्हणजे खरंच कुठे धाडत नाही ना मला?”

“नाही म्हटलं ना!”

“मग उद्या किती वाजता यायचं?”

स्टब्जने बाहीने डोळे पुसले.

“तीनला,” तो म्हणाला. “रोजच्यासारखं.”

“रोजच्यासारखं,” वेंडेल म्हणाला, आणि म्हाताऱ्याची पाठ थोपटून त्याने त्याला बाकाकडे परत पाठवलं.