उत्तरेची वळचण

हॅना थर्टलने नेहमीप्रमाणे सकाळी चर्चचे जड कुलूप उघडले, फुलदाणीतले पाणी बदलले, वटवाघळांच्या लेंड्या झाडल्या. उत्तरेच्या भिंतीखाली मात्र केरसुणी थबकली. केरात रंगाचे पापुद्रे होते. त्या भिंतीवर कुणा जुन्या चिताऱ्याने संत ख्रिस्तोफर रंगवला होता, बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी ओलांडणारा. त्याचा चेहरा ओलीने कधीच गेला होता. आज बाळाचा हात गळला होता.

ती बाहेरून वळसा घालून त्याच भिंतीपाशी आली. गारगोट्या चुन्यात बसवून आठ-नऊशे वर्षांपूर्वी नॉर्मन गवंड्यांनी उभारलेली ती भिंत आता पोटातून फुगली होती. वर कौले होती, पण पन्हळ नव्हती. शतकानुशतके पागोळ्या सरळ गवतावर पडत, भिंतीच्या पायात मुरत; त्यांनी मातीत चरी पाडली होती.

भिंतीतल्या बुजवलेल्या दाराशी, त्या चरीखाली, हॅनाची मुलगी होती. जन्मली तीच निष्प्राण. बाप्तिस्मा नाही म्हणून तेव्हाच्या पाद्र्याने दफनाची प्रार्थना नाकारली. गावच्या कबरी खणणारा हॅनाचा नवरा वॉल्टर मग स्वतःच कुदळ घेऊन वळचणीखाली गेला. चर्चच्या छपरावरून उतरलेले पाणी पवित्र होते, असे जुनी माणसे मानत. "पाऊस पडेल तेव्हा तेव्हा देव तिला बाप्तिस्मा देईल," तो म्हणाला होता. त्याने खूण म्हणून दगडही ठेवला नाही. वॉल्टर गेल्यावर ती जागा एकट्या हॅनालाच ठाऊक उरली.

म्हणूनच पन्हळीचा विषय निघाला की ती दरवर्षी नको म्हणे. कारण सांगत नसे, आणि इतकी वर्षे चर्च सांभाळणाऱ्या बाईचा शब्द मोडायला कुणी धजत नसे.

त्या संध्याकाळी चर्चच्या सभेत विश्वस्त अँब्रोज लार्टरने मात्र तिला छेडलेच. "काय गं हॅना, त्या भिंतीशी कुठल्या जन्माचं वैर आहे तुझं? बुडवूनच सोडणार का तिला?"

सगळे हसले. हॅनाच्या डोळ्यांसमोर सकाळी केरात पडलेला बाळाचा हात होता.

"बसवा पन्हळ," ती म्हणाली. "फक्त पाणी ओढ्याला सोडू नका. कोपऱ्यात एक पिंप ठेवा."

"फुलांना हवंय, असं म्हण की."

"हो. फुलांना."

पन्हळ बसली. नंतर पाऊस झाला, पण चरी कोरडीच राहिली. उघडीप होताच हॅनाने पिंपात झारी बुडवली आणि बुजवलेल्या दाराशी जाऊन ती दोन्ही हातांनी वर धरली. कौलांपर्यंत हात पोहोचणार नव्हते. पोहोचले तितक्या उंचीवरून तिने धार सोडली.